संशयमात्रा

मार्गप्रज्ञा संस्थेच्या चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेची एक भिंत पूर्ण काचेची होती, आणि त्या काचेतून खाली करंजनगरचं सप्तमार्ग वर्तुळ दिसत असे. सात रस्ते, त्यांना सामावून घेणाऱ्या चार गोल मार्गिका, मधोमध गवताचं बेट आणि बेटावर उद्घाटनाच्या दिवसानंतर कधीही न चाललेलं कारंजं. सरकारी कागदांखेरीज सप्तमार्ग हे नाव कुठे ऐकू येत नसे. गावाच्या तोंडी तो भोवरा होता.

डॉ. विभावरी केंजळे त्या काचेकडे पाठ करून बसली होती. गेले अकरा दिवस ती अशीच बसत होती. समोरच्या पडद्यावर एकच नोंद उघडी होती: वाहन निळी छोटी मोटार, चालक महादेव केंजळे, वय चौऱ्याहत्तर. वेळ सायंकाळी पाच बेचाळीस. मार्गिका आतली. दाखवलेला बाण: पुढे.

महादेव केंजळे हे तिचे वडील. तिचे अण्णा. आणि अपघातानंतर तासाभराने अण्णांनी तिला सांगितलं होतं, "विभा, बोर्डानं मला डावीकडं बाहेर पड म्हणून सांगितलं गं."

डावीकडे बाहेर पडायचं म्हणजे आतल्या मार्गिकेतून बाहेरची मार्गिका आडवी कापायची. अण्णांनी ती कापली. बाहेरच्या मार्गिकेतून रेहाना मुल्ला नावाची परिचारिका स्कूटरवरून सरळ चालली होती. तिचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला.

नोंद मात्र "पुढे" म्हणत होती. आणि नोंद चुकणं शक्य नव्हतं, कारण तो फलक विभावरीनेच बनवला होता.

पूर्वी भोवऱ्याच्या प्रत्येक तोंडाशी एका कमानीवर सात-सात फलक टांगलेले असत. त्यांवरचे बाण कढईत सोडलेल्या जिलबीसारखे. परगावचा माणूस ते वाचायला मान वर करी, आणि मान खाली येईपर्यंत कुणाच्या तरी गाडीचा दिवा फुटलेला असे. गावच्या माणसाची तऱ्हा निराळी. तो फलक वाचतच नसे. वर्षाला चाळीसच्या वर अपघात होत आणि दहा-बारा माणसं जात. मधल्या काळात चालकरहित मोटारी आणून पाहिल्या. त्या भोवऱ्याच्या तोंडाशी येऊन अदबीने उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत तशाच उभ्या होत्या, कारण त्यांना वाट द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी त्यांची रवानगी द्रुतगती महामार्गावर झाली आणि गावात पुन्हा माणसंच गाड्या चालवू लागली.

मग विभावरीचा व्यक्तिदर्शी फलक आला. त्याच्या पृष्ठभागावर लाखो सूक्ष्म भिंगं होती. प्रत्येक भिंग प्रकाशाची एक बारीक शलाका एकाच दिशेला सोडी. त्यामुळे एकाच क्षणी एकाच फलकाकडे बघणाऱ्या दोन चालकांना दोन वेगळे बाण दिसत. कोणती गाडी कुठे निघाली आहे, हे गाडीतलं यंत्र फलकाला आधीच कळवी. तुमच्यासाठी एकच बाण, मोठा, पांढरा. शेजारच्या रिक्षावाल्याला तो दिसतच नसे. त्याला त्याचा दिसे.

पहिल्याच वर्षी अपघात अकरावर आले. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा वाढले, का वाढले ते तेव्हा कळलं नाही. विभावरीने भिंगांची मांडणी सुधारली आणि तिसऱ्या वर्षी ते अवघ्या चारवर आले. तिचा सत्कार झाला. संस्थेचे संचालक प्रा. विश्राम दातीर, ज्यांच्या हाताखाली ती चौदा वर्षं शिकली आणि वाढली, त्यांनी भर सभेत सांगितलं की ही सगळी विभावरीच्या भिंगांची करामत. अण्णा पहिल्या रांगेत बसून इतक्या जोरात टाळ्या वाजवत होते की शेजारचे लोक बघायला लागले.

आणि आता हे.

"फलक 'पुढे' दाखवत होता अण्णा," तिने त्या संध्याकाळी त्यांना सांगितलं होतं. "मी नोंद बघितली."

अण्णा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांना त्यांनी लिहून दिलं: माझी नजर चुकली. स्कूटर मला दिसली नाही. ते वाचून विभावरीला सुटल्यासारखं वाटलं होतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही, पण वाटलं होतं खरं.

अडचण एवढीच होती की रेहाना मुल्लाचा जबाब वेगळा होता. तिने शुद्धीवर आल्याबरोबर सांगितलं होतं, "त्यांनी मला आरशात बघितलं. आमची नजरानजर झाली. आणि तरी ते वळले."

बघूनही वळले असतील तर तो गुन्हा होता, तुरुंगाचा. शुक्रवारी वाहतूक चौकशी अधिकाऱ्यांसमोर सुनावणी होती. विभावरीने वकिलांशी बोलून मार्ग काढला होता. अण्णांची नजर वयोमानाने अधू झाली आहे असा दाखला मिळवायचा. परवाना कायमचा जाईल, पण तुरुंग टळेल. आज मंगळवार होता. अण्णांच्या डोळ्यांच्या तपासणीचे जुने कागद आणायला ती दुपारी घरी गेली.

अण्णा घरी नव्हते. ते रोजच्यासारखे इस्पितळात गेले होते. तिथे ते रेहानाच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन तास बसत. ती त्यांच्याशी बोलत नसे. तेही आत जात नसत. परिचारिकांपैकी कुणीतरी दया येऊन त्यांना चहा देई, तो ते अर्धा ठेवून येत.

विभावरीने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पूर्वी एक पितळी बिल्ला टाचलेला असे: तीस वर्षं विनाअपघात सेवा. अण्णा एस.टी.त चालक होते. घाटातली वळणं, भरलेली गाडी, वाटेत आडवी आलेली म्हैस, आणि तीस वर्षांत एक ओरखडा नाही. तो बिल्ला आता तिथे नव्हता. नुसती टाचणीची दोन भोकं होती. ती बघून तिला रडू आलं, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घालता घालता ती रडत राहिली.

लहानपणी सुट्टीत ती अण्णांच्या गाडीतून जायची. त्यांच्या मागच्या जाळीला नाक लावून बसायची. कंडक्टर दोरी ओढायचा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंट्या वाजल्या की अण्णा गाडी काढत. कधीही मान वळवून बघत नसत.

"मागं कुणी चढत असलं तर?" तिने एकदा विचारलं होतं.

"दार बघायचं काम गुलाबरावचं," अण्णा म्हणाले होते. "त्यानं दोन घंट्या दिल्या म्हणजे दार बघितलेलं असतं. मी आणि वळून बघाय लागलो तर गाडी न्यायची कुणी?"

तिला हवे होते ते कागद मिळाले. त्यांच्याखाली एक लांबट वही होती. ती ओळखीची वाटली. डेपोत गाडी जमा करताना चालक एका वहीत गाडीचे दोष लिहितो: ब्रेक खेचतो, डावा आरसा सैल, दोन नंबरचं दार लागत नाही. अण्णांनी निवृत्तीनंतरही ती सवय सोडली नव्हती. घरच्या निळ्या मोटारीचीही त्यांनी दोषवही ठेवली होती. विभावरी हसली आणि सहज पानं उलटू लागली. मग ती पलंगावर बसली.

"ता. ९. भोवरा. ५-३८. बोर्ड चुकला. जायचं सरळ, बाण डावीकडं. थांबलो. मागचे शिव्या देत होते."

पुढे आणखी एक. आणि आणखी एक. कधी आठवड्यात दोन. "बोर्ड चुकला. थांबलो." "बाण उलटा. थांबलो, मग सरळ गेलो." तिने मोजल्या. सात महिन्यांत एकोणीस नोंदी, प्रत्येक तारखेसह, मिनिटासह. अपघाताच्या दिवसाची नोंद नव्हती. त्या दिवशी मोटार पोलिसांकडे जमा झाली होती.

ती वही पिशवीत घालून विभावरी प्रयोगशाळेत परतली. एकोणीसही वेळा तिच्या नोंदीत "पुढे" असंच होतं. म्हणजे अण्णांना भास होत होते. अगदी सरळ निष्कर्ष. डॉक्टरांनी तो आनंदाने लिहून दिला असता.

पण अण्णांनी प्रत्येक वेळी एक गोष्ट लिहिली होती: थांबलो. भास झालेला माणूस थांबला तर त्याच्यामागच्या गाड्याही थांबणार. तिने वर्तुळातल्या वाहनांच्या सरासरी वेगाचा आलेख काढला. एकोणीस वेळा, अण्णांनी लिहिलेल्या मिनिटाला, वेग खाली आलेला होता. आधी त्यांच्यामागचे आठ-दहा, मग सगळा भोवरा. चाळीस-पन्नास सेकंद सगळे हळू, आणि मग पुन्हा पूर्ववत. इथवर सगळं समजण्यासारखं होतं.

तिने आलेख मागे सरकवला. तसाच खळगा चार मिनिटांपूर्वी होता. त्याच्या आधी चार मिनिटं आणखी एक. अण्णा तिथे नव्हते तेव्हाही. दिवसभर, आठवडाभर, दीड वर्ष. दर चार मिनिटांनी कुणीतरी भोवऱ्यात विनाकारण थांबत होतं, नाडीच्या ठोक्यासारखं. कुणीतरी एक. प्रत्येक वेळी वेगळं. सगळ्या शहराला चार मिनिटांच्या अंतराने भास होत नाहीत.

दीड वर्षापूर्वी, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, फलकाच्या आज्ञावलीत फेरफार झाला होता. तो करण्याचा अधिकार दोनच माणसांना होता. एक ती स्वतः.

प्रा. दातीर आपल्या खोलीत खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत होते. त्रेसष्ट वर्षांचा मऊ बोलणारा माणूस. हाताखालच्या लोकांना स्वतः चहा करून देण्याची त्यांची सवय संस्थेत कौतुकाने सांगितली जात असे. विभावरीने वही आणि आलेख त्यांच्या मेजावर ठेवले. त्यांनी आलेखाकडे बघितलं, वही वाचली आणि सावकाश खुर्चीत बसले.

"मला वाटलंच होतं, कधीतरी तू येशील," ते म्हणाले. "चहा टाकू?"

"नको."

"दुसऱ्या वर्षी अपघात का वाढले, विभावरी?"

"आपल्याला कारण सापडलं नव्हतं."

"मला सापडलं होतं. तुझे फलक फार चांगले होते, हे कारण. लोक त्यांच्यावर इतके विसंबले की रस्त्याकडे बघेनासे झाले. बाण दिसला की निघाले. मग एखादं कुत्रं आडवं यावं, एखाद्याचा ब्रेक लागू नये, की संपलं. जुन्या जिलबीच्या बाणांचा एक गुण होता. ते कुणालाच कळत नसत. त्यामुळे जो तो घाबरून इकडेतिकडे बघत असे."

"म्हणून तुम्ही खोटे बाण दाखवायला लागलात."

"मी त्याला संशयमात्रा म्हणतो. औषधाची असते तशी मात्रा. अगदी थोडी. दर चार मिनिटांनी एका गाडीला चुकीचा बाण. तो चालक गोंधळतो, थांबतो. मागचे थांबतात. सगळे माना वळवून बघतात की काय झालं. ती सावधगिरी चार मिनिटं टिकते. मग पुढची मात्रा."

"आणि ती एक गाडी कोणती, हे कोण ठरवतं?"

दातीरांनी चष्मा काढून पुसला. "प्रत्येक चालकाचा सावधानांक असतो. तो ब्रेक कधी लावतो, अंतर किती ठेवतो, यावरून फलक तो काढत राहतो. बेफिकीर माणसाला खोटा बाण दाखवला तर तो वळेल आणि मरेल. सावध माणूस थांबेल. म्हणून त्या चार मिनिटांत भोवऱ्यात जो सगळ्यांत सावध असेल, त्याला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुझ्या वडिलांचा सावधानांक शहरात पहिला होता, विभावरी. तुला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे."

संताप इतका आला होता की तो आवाजात उतरायला वेळ लागला.

"नोंदीत 'दाखवलेला बाण' म्हणून 'पुढे' लिहिलंय."

"त्या रकान्यात योग्य बाण लिहिला जातो. दाखवलेला निराळ्या ठिकाणी, कुलपात. रकान्याचं नाव बदलायचं राहून गेलं."

"राहून गेलं," ती म्हणाली. "त्या रकान्याच्या भरवशावर मी माझ्या बापाला तोंडावर खोटं पाडलं, सर. त्यांचे डोळे गेले असं लिहून आणायला निघाले होते मी. आणि तुम्हाला अकरा दिवस माहीत होतं."

"चाळीसवरून चार, विभावरी. दीड वर्षात पंधरा-वीस माणसं जिवंत आहेत, जी एरवी नसती. त्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांनाही माहीत नाहीत. पण ती आहेत."

"मग सत्कार माझा का केलात? भिंगांची करामत म्हणून?"

"काहीतरी कारण द्यायला हवं होतं."

"मला सांगायचं तरी."

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच."

त्यांच्या आवाजात जराही वाईटपणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. चौदा वर्षं तिने या आवाजाकडून कसा विचार करायचा ते उचललं होतं. तिला एकदम एक गोष्ट आठवली.

"सर, तुम्ही रोज कालव्याच्या रस्त्याने येता. भोवरा टाळून, सहा किलोमीटर लांबून."

"मला तिथली झाडं आवडतात."

"तुमचा सावधानांक किती?"

दातीर खिडकीतल्या तुळशीकडे वळले.

"किती, सर?"

"चौथा," ते म्हणाले. "शहरात चौथा."

विभावरीने वही उचलली. दारापाशी ती पोचली तेव्हा दातीर मागून म्हणाले, "शुक्रवारी तू हे सांगितलंस तर फलक बंद होतील. पुन्हा चाळीस होतील. तो विचार करून ये. आणि एक गोष्ट मलाही समजली नाही, ती तुला समजली तर मला सांग. एकोणीस वेळा ते थांबले. माझं गणित एकोणीस वेळा बरोबर आलं. विसाव्या वेळी ते का थांबले नाहीत?"

शुक्रवारी सकाळी अण्णा दारातल्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. सुनावणीला जायचं म्हणून पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा. विभावरी शेजारी बसली. तीन दिवस तिने त्यांना टाळलं होतं. कुलपातली नोंद सुनावणीपुढे उघडावी असा अर्ज तिने काल देऊन टाकला होता, आणि चाळीस की चार हा हिशोब डोक्यात फिरत असूनही दिला होता. चारच हवे असतील तर लोकांना विचारून हवेत, एवढंच तिला त्यातून सापडलं होतं.

"अण्णा, बोर्डानं खोटा बाण दाखवला होता. मुद्दाम. तुम्ही खरं सांगत होता."

तिला वाटलं होतं ते सुटकेचा श्वास टाकतील, निदान रागावतील. अण्णांनी ब्रश खाली ठेवला.

"मग तुझ्या नोकरीचं काय?"

"नोकरी जाऊ दे. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. मला माफ करा."

"त्यात काय. तुझा बोर्ड, तुझं लिवलेलं. माणूस आपल्या लिवलेल्यालाच मानणार की." त्यांनी दुसरा बूट उचलला. "तू हे वर कळवलंस होय?"

"अर्ज दिला. आता तुमची ती दोषवही दाखवायची. तुम्ही एकोणीस वेळा थांबलात हे त्यात आहे. पण अण्णा, ते विचारतील. मीही विचारते. त्या दिवशी का थांबला नाहीत?"

अण्णा बुटाच्या टोकावरून फडकं फिरवत राहिले. चकचकीत झालं तरी फिरवत राहिले.

"मी एवढंच सांगणार, की नजर चुकली."

"पण चुकली का?"

"विभा, राहू दे ना."

"अण्णा."

"चुकली नाही," ते म्हणाले. "ती मला दिसली हुती. आरशात. माझ्याकडंच बघत हुती बिचारी."

रस्त्यावरून दूधवाल्याची गाडी गेली. ती जाईपर्यंत अण्णा थांबले.

"महिन्यापूर्वी मी तुला विचारलं नव्हतं का, बोर्ड चुकतो का गं कधी? तू घाईत हुतीस, मुंबईला का कुठं निघाली हुतीस. मी म्हणलं, मला बाण उलटा दिसतो, मी थांबतो. तर तू काय म्हणालीस?"

तिला आठवलं. तिने पायात चप्पल सरकवता सरकवता सांगितलं होतं. जरा वैतागूनच. अण्णा, फलक चुकत नाही. तुमच्यासारखे लोक मध्येच थांबतात म्हणून मागे गोंधळ होतो. बाण दिसला की जायचं. तुम्हाला बाण दिला म्हणजे शेजारच्याला मी आधीच थांबवलेलं असतं.

"त्या दिवशी बाण डावीकडं दिसला," अण्णा सांगत होते. "पाय ब्रेककडं गेलाच हुता. मग मनात आलं, पोर म्हणाली तिनं शेजारच्याला थांबवलेलं असतं. आरशात बघितलं, तर ती बाई बघतीय. मला वाटलं, तिला थांबायचा बाण मिळाला असणार, म्हणून ती माझी वाट बघतीय. म्हणून वळलो."

"मग पोलिसांना ते का नाही सांगितलंत?"

"दिसली म्हणलं असतं, तर विचारलं असतं, दिसली तर वळलास का. मग तुझं नाव घ्यायला लागलं असतं." त्यांनी बूट पायात घातले. "चल. उशीर बरा दिसत नाही."

सुनावणीची खोली लहान होती. चौकशी अधिकारी श्रीमती तडवी मेजामागे, समोरच्या एकट्या खुर्चीवर अण्णा, त्यांच्या मागच्या रांगेत विभावरी आणि तिच्याच रांगेत दुसऱ्या टोकाला प्रा. दातीर. रेहाना मुल्ला चाकाच्या खुर्चीत, पाय पुढे आडवा बांधलेला. कुलपातली नोंद उघडली गेली होती. पाच बेचाळीस, आतली मार्गिका, दाखवलेला बाण: डावीकडे बाहेर. दातीरांनी सगळं शांतपणे मान्य केलं आणि आकडे सांगितले. खोलीतल्या दोघातिघांनी आपण भोवऱ्यातून जातो तेव्हा आपला सावधानांक किती असेल असा चेहरा केला.

"केंजळे," श्रीमती तडवी म्हणाल्या, "फलक खोटा होता हे सिद्ध झालं. पण याआधी एकोणीस वेळा तुम्ही थांबला होता. म्हणजे बाण खोटा आहे हे ओळखायची तुमची कुवत होती. या वेळी?"

"नजर चुकली, बाईसाहेब. स्कूटर दिसली नाही."

"खोटं," रेहाना म्हणाली.

ती ओरडली नाही. ती अण्णांकडे बघत होती. "चाचा, तुम्ही रोज माझ्या दाराबाहेर येऊन बसता. मला वाटायचं आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही मला बघितलं होतं. पाय जुळेल, न जुळेल, त्याचं मी बघेन. मला फक्त एवढंच सांगा, मला बघूनही तुम्ही का वळलात?"

अण्णांनी मान खाली घातली. मागून विभावरीला त्यांच्या पांढऱ्या शर्टाची ताठ कॉलर दिसत होती आणि मान किती बारीक झाली आहे ते दिसत होतं. ते उत्तर देणार नव्हते. तुरुंगात गेले असते तरी दिलं नसतं.

ती उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला बघितलं होतं. दातीर सरांच्या गणितात चूक नव्हती. सावध माणूस खोट्या बाणापुढे थांबतो, आणि माझे वडील एकोणीस वेळा थांबले. पण मग त्यांनी मला विचारलं, बोर्ड चुकतो का. मी तपासलं नाही. मी म्हणाले, चुकत नाही, बाण दिसला की जा, शेजारच्याला मी थांबवलेलं असतं. शहरात सगळ्यांत सावध असलेल्या माणसाची शंका मी काढून घेतली. बोर्डावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता, बाईसाहेब. माझ्यावर ठेवला."

दातीरांनी चष्मा काढला होता, तो त्यांच्या हातातच राहिला.

"दार न बघता," विभावरी म्हणाली, "दोन घंट्या मी दिल्या, अण्णा."

तीस वर्षांत दोन घंट्यांनंतर एकदाही मागे न बघितलेले अण्णा खुर्चीत सावकाश वळले आणि तिच्याकडे बघू लागले.